घोटाघोटाने झिजणारे दात

साठी उलटल्यावर दात दुखू लागले की पहिला संशय मिठाईवर जातो. माझ्या बाबतीत तो खोटा ठरला. गोडाची मला फारशी आवड नाही. तरीही आधी गार पाण्याने कळ येऊ लागली आणि पुढे साधी पोळी चावतानाही दात आंबल्यासारखे व्हायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी टोकदार हत्यार दातावरून फिरवलं. वरच्या भागावर ते टकटक वाजलं. हिरडीलगत मात्र मऊ जागी रुतलं. ‘मुळांना कीड लागलीय,’ त्या म्हणाल्या. काय खाता हे न विचारता दिवसभरात काय काय आणि किती वाजता पिता, तेवढं त्यांनी लिहून आणायला सांगितलं.

कागदावर आलं ते असं: सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू-मध आणि लगेच ब्रश. दोन वेळा चहा. दहा वाजल्यापासून ओट्यावर लिंबू सरबताची बाटली, येताजाता एक घोट. साखर चवीपुरतीच, पण दिवसभर. रात्री साखर घातलेलं हळदीचं दूध पिऊन थेट झोप.

कुवेतमधल्या रुमैथियात राहणाऱ्याला ही बाटली सुटत नाही. इथल्याच मित्रिबाहला जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलंय. इथला उन्हाळा काय असतो ते त्यावरून समजावं. बाहेर धूळ, घरात चोवीस तास एसी. धुळीच्या सर्दीसाठी ॲलर्जीची गोळी, शिवाय बीपीची. यांतल्या अनेक गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. तोंड कोरडं म्हणून सरबत, आणि लाळ कमी म्हणून त्या सरबताचं आम्ल दातांवरच बसून राहतं, असं हे चक्र आहे.

दाताचं वरचं आवरण पीएच ५.५ च्या खाली, म्हणजे त्याहून जास्त आम्लात, विरघळू लागतं. वयानुसार हिरड्या मागे सरकल्या की मुळं उघडी पडतात; त्यांना ते आवरण नसतं, त्यामुळे ती पीएच सहाच्या वर असतानाच झिजू लागतात. लिंबूपाण्याचा पीएच ३ च्या आसपास, कोलाचा अडीचच्या. लाळ हे आम्ल निवळवते, पण तिला निदान अर्धा तास लागतो. दर वीस मिनिटांनी घोट घेणाऱ्याच्या तोंडात तो अर्धा तास कधी येतच नाही. म्हणून किती प्यालो यापेक्षा किती वेळा प्यालो, हे महत्त्वाचं.

आमच्या ह्यांना मधुमेह, म्हणून त्यांची बाटली बिनसाखरेची. त्यांना कीड लागली नाही, पण दात झिजून पिवळे दिसू लागले. साखर वगळली तरी आम्ल आपलं काम करतंच. डाएट कोला, आवळ्याचं किंवा कोकमाचं सरबत, सगळ्यांना हेच लागू. रमजानात जमियात, म्हणजे इथल्या सहकारी दुकानात, विम्टो सरबताच्या बाटल्यांचे ढीग लागतात; त्यात तर साखरही भरपूर.

इथल्या पाण्याचीही एक बाब आहे. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जादा, म्हणून दात खराब होतात. कुवेतमध्ये उलट. समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं, त्यात फ्लोराइड नावापुरतंच. तेव्हा फ्लोराइडची पेस्ट इथे टाळू नये.

आता आमच्या घरचे नियम सांगते. पाणी भरपूर प्यायचं, पण जवळच्या बाटलीत फक्त साधं पाणी. सरबत हवं तर जेवणासोबत, एका बैठकीत संपवायचं आणि वर पाण्याने चूळ भरायची. आंबट प्यायल्यावर अर्धा तास ब्रश नाही. मऊ झालेलं आवरण घासून निघतं. तहानेला ताक उत्तम. आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम असतं. इथलं लबानही चालतं, फक्त बिनसाखरेचं बघून घ्यावं. कोरा, बिनसाखरेचा चहा दातांवर डाग पाडतो, कीड नाही. इथला दुधाचा करक चहा मात्र साखरेचा, तो दिवसातून एकदाच. रात्री लाळ आणखी कमी होते, म्हणून दुधानंतर ब्रश करून मगच झोपायचं. पेस्ट थुंकायची, खळखळून चूळ भरायची नाही. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची.

दोन गोष्टी जपून. तोंड कोरडं पडतं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, पर्याय असू शकतो. आणि मधुमेह्याची साखर उतरली तर गोड सरबत द्यायलाच हवं. दातांचं नंतर बघता येईल.

गावाकडून आई-वडील इकडे आले की आपण फ्रिज ज्यूसच्या खोक्यांनी भरतो. त्याऐवजी पाण्याचा तांब्या भरून त्यांच्या हाताशी ठेवा, आणि आल्या आठवड्यातच त्यांचे दात एकदा दाखवून घ्या.