लोकवाद्यांच्या शोधात : आधी 'केव्हा', मग 'कुठे'

(एस. वाय. बी. ए.)

सहलीला निघालेला माणूस किल्ला पाहतो, देऊळ पाहतो, धरण पाहतो. त्या मुलखाचे गाणे मात्र त्याच्या कानी पडतेच असे नाही. 'इथे संबळ ऐकायला मिळेल का?' असे त्याने विचारले, तर गावकरी म्हणतात, 'आज कशाला वाजेल?' लोकसंगीताचे मर्म या उत्तरातच आहे. गायनाची मैफल हवी तेव्हा भरवता येते. लोकवाद्य निमित्ताला बांधलेले असते. म्हणून ज्याला ते जिवंत ऐकायचे आहे, त्याने नकाशाआधी पंचांग उघडावे, असे मला वाटते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अनेक जुनी वाद्ये जतन केलेली आहेत. त्यांची घडण निरखायला तेथे जरूर जावे. पण काचेमागचे वाद्य बोलत नाही. ते बोलते जेजुरीला, चंपाषष्ठीला किंवा सोमवती अमावास्येला. वाघ्याच्या हातात दिमडी, साथीला तुणतुणे आणि घोळ. दिमडीला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घोरपड मारण्यास बंदी आली. आता दिमडीवर दुसरे कातडे किंवा कृत्रिम पान चढवतात. वाद्य तेच राहिले, पण त्याचा आवाज थोडा बदलला.

संबळ ऐकायचा तर लग्नसराई गाठावी. लग्नानंतर अनेक घरांत देवीचा गोंधळ घालतात. एक लहान आणि एक मोठे अशी संबळाची जोडी गोंधळी कमरेला बांधतो व काड्यांनी वाजवतो. रात्रभर कथा चालते. जव्हार-डहाणूकडचा तारपा तर शेतीच्या वेळापत्रकावर चालतो. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण यांपासून तो बनतो. भाताचे नवे पीक तयार होण्याच्या दिवसांत तारपेकरी मध्ये उभा राहतो आणि वारली स्त्री-पुरुष त्याच्याभोवती फेर धरतात. उन्हाळ्याच्या सुटीत तेथे गेलेल्याला झाडे दिसतील, तारपा बहुधा ऐकू येणार नाही.

लांब कशाला, आमच्या कोळवण खोऱ्याचेच पाहू. यात्रेला पालखीपुढे ढोल आणि लेझीम असतात, हे पाहुण्यालाही ठाऊक असते. पण मुळशीचे सर्वांत दुर्मिळ वाद्य कोणी वाद्य म्हणून मोजतच नाही. ते म्हणजे जाते. दोन बायका समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात. वरची तळी फिरू लागली की घरघर अखंड चालू राहते. तोच सूर आणि तोच ठेका. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती झेलायची. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासरचा जाच, सारे काही त्या ओवीत येते. माझ्या आजीला ओव्या सांग म्हटले तर तिला दोन-तीनच आठवतात. जात्यावर हात ठेवला की मात्र ती थांबत नाही. ओव्या तिच्या डोक्यात नसून हातात आहेत, असे तेव्हा वाटते.

गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे दळण थांबले. बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला, हे चांगलेच झाले. ते कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. पण कष्टांबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी हे वेळीच ओळखले. मुळशी-मावळच्या बायकांसोबत काम करता करता त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओव्या लिहून घेतल्या. पुढे १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रणही झाले. महाराष्ट्रभरच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. ज्या बायकांना शाळा मिळाली नाही, त्यांचे एवढे मोठे वाङ्मय! आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. मराठीच्या तासाला 'वाङ्मय' हा शब्द ऐकते तेव्हा मला ही बेरीज आठवते.

जात्याला एक निमित्त मात्र अजून उरले आहे. लग्नाआधी घाणा भरतात, जात्याची पूजा होते, सुवासिनी हळद दळतात आणि ओव्या म्हणतात. ओवी ऐकायची तर तो दिवस गाठावा.

शोधाला निघणाऱ्यांसाठी थोडेसे. चहाच्या टपरीवर किंवा देवळात गुरवाला यात्रेची तिथी विचारावी. देवाचे वाद्य विचारल्याशिवाय हाताळू नये, मुद्रणही परवानगीनेच करावे. कलावंताला बिदागी द्यावी. वाद्याचे स्थानिक नाव, ते कोणी बनवले, कशाचे बनवले आणि केव्हा वाजते, हे वहीत टिपावे. केलेले मुद्रण वाजवणाऱ्याच्या घरी पोचवावे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात जाते पडून असेल. या सुटीत ते पुसून घ्या, मूठभर दाणे घाला आणि आजीला खुंट्याशी बसवा. समोर मात्र तुम्ही बसा. ओळ झेलायला कोणीतरी लागतेच.