मुलांच्या हाती काळोखाच्या कथा द्याव्यात काय?

इंग्लंडच्या लेखिका जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेचे सात भाग १९९७ ते २००७ या काळात निघाले. मराठी भाषांतरामुळे ते केवळ इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुरते राहिलेले नाहीत. मुले ही पुस्तके मागतात आणि पालक आम्हांला विचारतात, मंत्रतंत्र आणि खून-मृत्यूने भरलेले हे वाचन मुलांना द्यावे काय?

मंत्रतंत्राची शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यामागे कार्यकर्त्यांचे अनेक वर्षांचे कष्ट आहेत. परंतु खोटे ते खरे म्हणून सांगणे व माणसाला फसविणे ही अंधश्रद्धा. कादंबरी तसा दावा करीत नाही. दुसऱ्या भागातील लॉकहार्ट पाहा. दुसऱ्यांचे पराक्रम स्वतःच्या नावावर छापून तो नाव कमावतो आणि खरी वेळ येताच पळू पाहतो. आपल्याकडील बुवाबाजी पाहिलेल्यांना हा गृहस्थ ओळखीचा वाटेल. (भविष्य सांगणाऱ्या बाईंची थट्टा करूनही लेखिका त्यांचे भाकीत खरे ठरविते, हे मात्र आम्हांला खटकते.) शिवाय कोणताही मंत्र मेलेल्याला परत आणीत नाही. पोरका हॅरी आईवडिलांना जादूच्या आरशात पाहतो, रात्रीमागून रात्र तेथे जाऊन बसतो. अखेर हेडमास्तरच त्याला समजावून तेथून उठवितात.

काळोखाचा प्रश्न अधिक कठीण आहे. पहिला भाग मूळ इंग्रजीत २२३ पानांचा, नायक अकरा वर्षांचा. २००० साली आलेला चौथा भाग ६३६ पानांचा. त्याच्या शेवटी सेड्रिक नावाचा सतरा वर्षांचा निरपराध विद्यार्थी क्षणात मारला जातो. पाचव्यात एक शिक्षिका हॅरीकडून शिक्षेच्या ओळी त्याच्याच रक्ताने लिहवून घेते. हे दहा वर्षांच्या मुलासाठी नव्हे.

मात्र याच काळोखात आपल्या मुलांनी पाहावे असेही काही आहे. हर्मायनी वर्गातील सर्वांत हुशार मुलगी. तिचे आईवडील दातांचे डॉक्टर, जादूगार नव्हेत. म्हणून उच्च घराण्यातला मुलगा तिला रक्तावरून शिवी देतो. सातव्या भागात तर सरकारच अशा लोकांची नोंदणी करून त्यांच्या चौकशा लावते. हे वाचून मूल विचारते, हुशार असूनही केवळ जन्मावरून? आपल्यापैकी अनेक घरांत वडीलधारी मंडळी पूर्वी सोसलेले मुलांपुढे काढीत नाहीत. कोवळ्या मनाला त्रास नको म्हणून. मग मुलाला त्या गोष्टी शाळेत, दुसऱ्याच्या तोंडून, बहुधा टोमण्यातून कळतात. त्यापेक्षा हा प्रश्न एखाद्या कादंबरीच्या निमित्ताने आजोबांसमोर विचारला गेला तर काय बिघडले?

आमच्या मते पहिले तीन भाग दहा-अकराव्या वर्षी खुशाल द्यावेत. चौथ्यापासून पुढे बारा-तेराव्या वर्षापर्यंत थांबावे, आणि घरातील एका मोठ्या माणसानेही ते वाचावेत. मूल रात्री घाबरू लागले तर पुस्तक बाजूला ठेवावे, जबरदस्ती नको. ज्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे तेथील मुलाला चौथा-पाचवा भाग देण्यापूर्वी घरच्यांशी बोलून घ्यावे, एवढी विनंती वाचनालय सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांना आहे.