खानने चेकॉव्हला पाहिले तरी कुठे?

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका मी पहिल्या भागापासून पाहिली आणि मग १९८२ चा ‘द रॅथ ऑफ खान’ हा चित्रपट पाहिला. चित्रपटात खान चेकॉव्हला बघताक्षणी ओळखतो, नावानिशी. पण खान ज्या भागात येतो, त्या ‘स्पेस सीड’मध्ये चेकॉव्ह एकदाही दिसत नाही. मी पुन्हा लावून पाहिला, तरी नाही. मग ही ओळख झाली कधी? आणि खान जर भारतीय, तर त्या भूमिकेत मेक्सिकन नट कसा?

उत्तर : तुमच्या नजरेत काही दोष नाही. ‘स्पेस सीड’मध्ये चेकॉव्ह खरोखरच नाही. गेली चाळीसहून अधिक वर्षे ‘स्टार ट्रेक’चे चाहते याच मुद्द्यावर हिरिरीने वाद घालत आले आहेत. वाद मिटत नाही, कारण तुमच्या शंकेत दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. एक, मालिका बनवताना काय घडले? दोन, गोष्टीच्या आत काय घडले असेल? ते सुटे केले की गाठ बरीच सैल होते.

आधी बनवणाऱ्यांकडची बाजू. ‘स्पेस सीड’ हा पहिल्या हंगामातला भाग १६ फेब्रुवारी १९६७ ला अमेरिकेत प्रसारित झाला. वॉल्टर कोनिग या नटाने रंगवलेला चेकॉव्ह मालिकेत आला तो दुसऱ्या हंगामात. प्रेक्षकांनी त्याला प्रथम पाहिले १५ सप्टेंबर १९६७ रोजी, ‘अमोक टाइम’ या भागात. म्हणजे खानचा भाग चित्रित होत होता तेव्हा चेकॉव्ह हे पात्रच मालिकेत नव्हते. तो त्या भागात दिसत नाही याचे कारण एवढेच.

इथे एक लोकप्रिय समजूत बाजूला करू. सोव्हिएत वृत्तपत्र ‘प्रावदा’ने ‘अंतराळयानावर रशियन माणूस का नाही?’ अशी तक्रार केली आणि म्हणून चेकॉव्ह आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. गोष्ट रंगतदार आहे, पण तिला ठोस आधार नाही. ती प्रसिद्धीसाठी पसरवलेली दिसते. निर्मात्यांना हवा होता तरुण प्रेक्षकांना आवडेल असा कोवळा चेहरा, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर होता त्या काळी गाजणाऱ्या ‘द मंकीज’ या बँडमधला डेव्ही जोन्स. सुरुवातीच्या काही भागांत कोनिगच्या डोक्यावर केसांचा टोप दिसतो, तो याच हौसेपायी.

मग चित्रपटवाल्यांनी जुना भाग पाहिलाच नव्हता का? तसेही नाही. निर्माते हार्व्ह बेनेट यांनी मूळ मालिकेचे सगळे, म्हणजे ७९, भाग बसून पाहिले आणि त्यांतूनच खानला पुन्हा आणायचे ठरवले. पण नव्या कथेत ‘रिलायंट’ या दुसऱ्या यानावरचा, तरीही ‘एंटरप्राइज’ यानाचा कप्तान कर्क याच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एक असलेला कुणीतरी खानच्या तावडीत सापडायला हवा होता. त्या जागी चेकॉव्ह बसला. ‘रिलायंट’चा कप्तान टेरेल खानला अनोळखी आणि चेकॉव्ह ओळखीचा, या फरकावरच त्या प्रसंगाची धार अवलंबून आहे.

आता गोष्टीच्या आतली बाजू. ‘एंटरप्राइज’ यानावर सुमारे ४३० माणसे आहेत आणि पडद्यावर दर भागात त्यांतली मोजकीच दिसतात. लग्नाच्या अल्बममध्ये एखाद्याचा फोटो नाही म्हणून तो लग्नाला नव्हता, असे आपण म्हणत नाही. चेकॉव्ह तेव्हा यानाच्या दुसऱ्या एखाद्या विभागात कामाला असू शकतो. खान काही वेळ संपूर्ण यान ताब्यात घेतो, त्यामुळे त्याने चेकॉव्हला कुठेतरी पाहिले असणे अशक्य नाही. चित्रपटही हेच गृहीत धरतो : ‘बॉटनी बे’ ही अक्षरे दिसताच चेकॉव्हचा चेहरा पांढराफटक पडतो. ते खानच्या जुन्या यानाचे नाव, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

चाहत्यांचा याहून आवडता पुरावा आहे तारखांचा. मालिकेत ‘स्टारडेट’ नावाची काल्पनिक कालगणना वापरतात. ‘स्पेस सीड’ची स्टारडेट आहे ३१४१.९, तर चेकॉव्ह असलेल्या ‘कॅट्सपॉ’ या भागाची ३०१८.२. ‘कॅट्सपॉ’ दुसऱ्या हंगामातला असला, तरी स्टारडेटनुसार तो खानच्या आधी घडतो. म्हणजे खान आला तेव्हा चेकॉव्ह यानावर होताच, असा हिशेब निघतो.

हिशेब सुबक आहे, पण त्याच्यावर फार भार टाकू नका. लेखकांना दिलेली सूचना अशी होती की कोणतेही चार आकडे घ्या, पुढे एक दशांश लावा आणि एका भागापुरता क्रम चढता ठेवा, म्हणजे झाले. एका भागाचा दुसऱ्याशी मेळ बसवायचा कुणाचा इरादाच नव्हता. भाग ज्या क्रमाने चित्रित होत, त्याच क्रमाने प्रसारितही होत नसत. ‘कॅट्सपॉ’च घ्या : दुसऱ्या हंगामात सर्वांत आधी तो चित्रित झाला, पण भुताटकीचा असल्यामुळे हॅलोविनसाठी राखून ऑक्टोबर १९६७ च्या अखेरीस दाखवला गेला. स्टारडेटने चेकॉव्हची बाजू सावरली, ती योगायोगाने.

खुद्द कोनिग यांनी चाहत्यांच्या मेळाव्यांत याचा खुलासा हसत हसत केला आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चेकॉव्हने स्वच्छतागृह फार वेळ अडवून ठेवले होते आणि खान बाहेर ताटकळत उभा होता. असा चेहरा माणूस विसरेल कसा?

आता खानच्या भारतीयत्वाकडे येऊ. पहिल्या मसुद्यात हा खलनायक उत्तर युरोपीय वळणाचा होता, नावही तसेच. रिकार्डो मोंतालबान या मेक्सिकोत जन्मलेल्या नटाची निवड झाली आणि पात्राचे मूळ बदलून तो खान नूनियन सिंग झाला. म्हणजे भारतीय पात्रासाठी मेक्सिकन नट शोधला असे घडले नाही. नट आल्यावर पात्राचा पत्ता बदलला. भागातली इतिहासतज्ज्ञ मार्ला मॅकगिव्हर्स त्याला पाहून, हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असा अंदाज बांधते आणि नंतर त्याचे फेटा बांधलेले चित्रही रंगवते. ‘खान’, ‘सिंग’ आणि मधले ‘नूनियन’ एकाच माणसाच्या नावात कसे, हा प्रश्न आपल्याला चटकन पडतो. १९६७ च्या अमेरिकी लेखकांना तो पडलेला दिसत नाही.

जाता जाता आणखी एक गैरसमज. ‘द रॅथ ऑफ खान’मध्ये कर्क आणि खान यांची हातघाई होते असे अनेकांना आठवते. ती हातघाई ‘स्पेस सीड’मधली. चित्रपटात दोघे एकदाही समोरासमोर येत नाहीत, फक्त दुरून, संपर्कयंत्रांवरून बोलतात. दोन्ही यानांचे नियंत्रणकक्ष एकाच सेटमध्ये फेरफार करून चित्रित केले, आणि दोन्ही नटांचे काम वेगवेगळ्या वेळी झाले.

चेकॉव्हच्या ओळखीसारख्या विसंगती पुढे लेखकांना कच्चा माल म्हणूनही उपयोगी पडतात. ‘स्पेस सीड’मध्ये खानचे साम्राज्य १९९२ ते १९९६ या काळात होऊन गेल्याचे सांगितले आहे. ती वर्षे आपण पाहिली. असे काही झाले नाही. २०२३ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या नव्या मालिकेने हीच अडचण कथेत घेतली : भविष्यातून आलेल्यांनी काळात ढवळाढवळ केली म्हणून खानच्या घटना पुढे ढकलल्या गेल्या.

तेव्हा पुढच्या वेळी अशी शंका आली, की तीन तारखा शेजारी शेजारी मांडा : भाग चित्रित कधी झाला, दाखवला कधी, आणि गोष्टीत तो घडतो कधी. बरेचसे घोळ तिथेच उलगडतात. सगळे मात्र नाहीत. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ या सुरुवातीच्या भागात कर्कसाठी उभारलेल्या थडग्याच्या दगडावर ‘जेम्स आर. कर्क’ असे कोरले आहे आणि पुढे त्याचे मधले नाव निघाले टायबेरियस. तिथे कोणतीही तारीख मदतीला येत नाही. ते नाव ठरण्याआधीच दगड कोरून झाला होता, एवढेच उत्तर आहे.