पेशीवरील सूक्ष्म तंतू आणि गर्भातील मज्जामार्ग

गिरडसारख्या यात्रेच्या गावी, शेख फरीदांच्या दर्ग्यावर आलेली कुटुंबे जाता जाता वैद्याला मूलही दाखवून जातात. वर्ष उलटले तरी मान धरत नाही, अंग लुळे, नजर स्थिर नाही. तान्हेपणी श्वास धापेसारखा जलद चाले व मधेच थांबे, असे आई सांगते. अशा वेळी ‘वातव्याधी’ एवढेच लिहून अभ्यंगाचे तेल देणे पुरेसे नाही. ही लक्षणे जूबेर व्याधीची असू शकतात. मारी जूबेर व सहकाऱ्यांनी १९६९ साली भावंडांमध्ये ती वर्णिली.

तिचे मूळ प्राथमिक सिलियामध्ये आहे. शरीरातील बहुतेक पेशींवर असा एकच, न हलणारा, केसाहूनही कितीतरी सूक्ष्म तंतू असतो. १८९८ मध्ये झिमरमन यांनी त्याचे वर्णन केले. पुढे कित्येक दशके तो निरुपयोगी अवशेषच मानला गेला. वास्तविक तो पेशीचा संदेशग्राहक होय. गर्भात चेतापेशीचा अक्षतंतू दूरवर वाढत जातो, त्याचे वाढते टोक वाट चाचपते. सिलियम मात्र असतो पेशीदेहावर, त्या टोकापासून लांब. तरीही २०१९ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवर दाखविले की सिलियमकडील संदेश बदलले तर टोकाची हालचाल बदलते, आणि या व्याधीशी संबंधित एआरएल१३बी जनुक काढल्यास अक्षतंतूंच्या जुड्या नीट बांधल्या जात नाहीत. रुग्णांमध्ये लघुमस्तिष्काकडून निघणारे मार्ग मध्यरेषा ओलांडून पलीकडे जात नाहीत, त्यामुळे एम.आर.आय.मध्ये मस्तिष्कस्तंभाचा छेद दाढेसारखा दिसतो. निदान त्यावरच ठरते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीजभागावयवाच्या दुष्टीने त्या त्या अवयवात विकृती होते असे म्हटले आहे. दोन्ही विचार शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. बीजभागावयव म्हणजेच जनुक, अशी घाई मात्र करू नये.

व्यवहारात महत्त्वाची गोष्ट वेगळीच. सिलिया वृक्क व नेत्रपटलातही असल्याने काही मुलांना पुढे अतितृष्णा, बहुमूत्रता, पांडुता व दृष्टिमांद्य येते. म्हणून मूल प्रथम सेवाग्राम वा नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे. बहुतेक प्रकारांत आईवडील दोघेही वाहक असतात व प्रत्येक पुढील गर्भाला धोका चारात एक, हे त्यांना शांतपणे सांगावे. औषधविक्रेत्यांनीही अशा मुलासाठी वेदनाशामक गोळ्या अथवा रसकल्प मागितल्यास रक्तातील क्रिएटिनिन तपासल्याचा कागद पाहिल्याखेरीज देऊ नयेत.