धान-कापणीचें यंत्र : विकत घ्यावें कीं भाड्यानें आणावें ?

कोणतेंही नवें अवजार घरीं आणण्यापूर्वीं त्याची किंमत काय, हें विचारण्याची चाल आपणांत आहे. परंतु तें वर्षांतून किती दिवस राबेल, हें विचारण्याची चाल अद्याप पडलेली नाहीं. नांगर, वखर व बंडी यांच्या बाबतींत ही उणीव कोणास फारशी भासली नाहीं. कारण हीं साधनें वर्षाचे बरेच महिने कामांत असत आणि त्यांची दुरुस्ती गांवचा सुतार-लोहार करीत असे. धान-कापणीच्या यंत्राची गोष्ट निराळी आहे. तें ऐन हंगामांत थोडे दिवस धांवतें आणि उरलेलें वर्ष छपरीखालीं उभें राहतें. उभ्या यंत्रावरही व्याज चढतें, आणि कर्ज काढलें असल्यास हप्त्याची तारीख पाऊसपाणी पाहत नाहीं. उलट पक्षीं, भाड्याच्या यंत्राची वाट पाहत बसावें आणि तेवढ्यांत अवकाळी पाऊस यावा, तर उभें धान आडवें पडतें, कडपा भिजतात आणि वर्षाच्या श्रमाचा दाणा बांधींतच उगवून येतो. म्हणून हा प्रश्न हौसेचा नसून पोटाचा आहे.

आमच्या आयुष्याचीं बरींच वर्षें महसुली दप्तरांत आकडे मांडण्यांत गेलीं. त्या संवयीस अनुसरून वडसा-देसाईगंज भागांतील धानकरी बंधूंनीं या प्रश्नाचा हिशेब कसा मांडावा, तेवढेंच या लेखांत दाखविण्याचें योजिलें आहे.

यंत्रांचे प्रकार

कापणीचीं यंत्रें स्थूलमानानें चार प्रकारचीं आहेत. पहिलें, खांद्यास अडकवून चालविण्याचें, ज्यास ब्रश कटर म्हणतात. यानें धुऱ्यावरचें गवत, झुडपें व वेळप्रसंगीं धानही कापतां येतें. दुसरें, मागें चालत जाऊन चालविण्याचें रीपर. हें सुमारें १·२ मीटर रुंदीचा पट्टा कापून कडपा एका बाजूस ओळीनें टाकतें. तिसरें, रीपर-बाइंडर; हें कापून पेंड्याही बांधतें. चौथें, मोठें हार्वेस्टर. हें कापणी, मळणी व उफणणी एकाच फेरींत उरकतें.

तुलना करतांना एक गोष्ट विसरूं नये. रीपर केवळ कापतें. बांधणी, वाहतूक, पुंजणें घालणें व चुरणी यांचा खर्च पुढें असतोच. हार्वेस्टरच्या दरांत तीं कामें येऊन जातात. सबब रीपरचा दर हार्वेस्टरच्या दरासमोर एकटा ठेवणें म्हणजे तांदळाचा भाव धानाच्या भावाशीं ताडून पाहण्यासारखें आहे.

हिशेबाची रीत

यंत्राचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक बसता खर्च : यंत्र चाललें काय वा न चाललें काय, तो होणारच. यांत झीज, व्याज आणि देखभाल हीं येतात. दुसरा चालता खर्च : इंधन, वंगण व चालविणाऱ्याची मजुरी. हा जितके एकर कापले, तितकाच होतो.

आतां एक उदाहरण घेऊं. यांतील रकमा केवळ रीत समजावी म्हणून कल्पिलेल्या आहेत. वाचकांनीं आपल्या गांवचे चालू भाव त्यांच्या जागीं घालावे.

समजा, रीपरची किंमत रु. १,२०,००० आहे. तें आठ वर्षें टिकेल व शेवटीं रु. २४,००० ला विकलें जाईल. म्हणजे आठ वर्षांत झीज रु. ९६,०००, वर्षाची रु. १२,०००. आरंभीं अडकलेली रक्कम रु. १,२०,००० व अखेरची रु. २४,००० यांची सरासरी रु. ७२,००० होते; तिजवर शेंकडा १० प्रमाणें व्याज रु. ७,२००. देखभाल व दुरुस्तीस वर्षास रु. ४,८०० धरूं. एकूण बसता खर्च रु. २४,०००.

चालता खर्च एकरीं रु. ६०० समजूं, आणि असेंच रीपर भाड्यानें आणल्यास एकरीं रु. १,८०० पडतात असें मानूं. म्हणजे घरचें यंत्र चालविल्यानें दर एकरास रु. १,२०० वांचतात. बसत्या खर्चाचे रु. २४,००० या रु. १,२०० नीं भागिले असतां उत्तर २० येतें. या वीस एकरांस आम्ही ‘बरोबरीचे एकर’ म्हणतों. वर्षास वीस एकरांहून कमी कापणी असेल तर भाडें स्वस्त. अधिक असेल तर खरेदी स्वस्त.

तीन एकरांच्या खातेदारानें हें यंत्र घेतलें, तर बसता खर्च रु. २४,००० व चालता रु. १,८०० मिळून रु. २५,८०० होतात, म्हणजे एकरीं रु. ८,६००. भाड्यानें तेंच काम रु. ५,४०० त उरकतें. चोवीस एकर कापणाऱ्यास मात्र घरच्या यंत्रानें रु. ३८,४०० व भाड्यानें रु. ४३,२०० लागतात, त्याचे वर्षास रु. ४,८०० वांचतात. यंत्र एकच, किंमत एकच. परंतु एकास तें बुडवितें व दुसऱ्यास तारतें.

अनुदानाचा विचार

‘सरकार अर्धी रक्कम देतें, मग घेण्यास काय हरकत?’ असें कित्येक बंधु म्हणतात. केंद्र सरकारनें २०१४-१५ सालीं कृषि यांत्रिकीकरण उपअभियान सुरू केलें. त्यांत व्यक्तीस यंत्र-खरेदीसाठीं साहाय्य आणि भाड्यानें अवजारें पुरविणारें केंद्र काढण्यासाठीं साहाय्य, अशीं दोन्हीं अंगें ठेविलेलीं होतीं. अनुदान मिळालें तर चांगलेंच. पण हिशेब त्यानें रद्द होत नाहीं.

वरील उदाहरणांत निम्मी किंमत सुटली असें धरूं. शेतकऱ्याचे रु. ६०,००० गेले. झीज वर्षास रु. ४,५००, व्याज रु. ४,२०० व देखभाल पूर्वीचीच रु. ४,८००. एकूण रु. १३,५००. बरोबरीचे एकर सव्वाअकरा झाले. तात्पर्य, तीन एकरांच्या खातेदारास निम्म्या किमतींतही हें यंत्र परवडत नाहीं. शिवाय अनुदान बहुधा खरेदीनंतर खात्यांत जमा होतें. तोंवर पूर्ण रक्कम उभी करावी लागते व तिचें व्याज कोणी परत देत नाहीं.

आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टी

आतां पैशाचा हिशेब बाजूस ठेवून शेताकडे वळूं. पहिली गोष्ट जमिनीची. कन्हार जमीन ओल दीर्घकाळ धरते. तींत मोठ्या हार्वेस्टरचीं चाकें रुततात व खोल चाकोऱ्या पडतात. बरडी जमीन लवकर सुकते. कापणीपूर्वीं आठ-दहा दिवस बांधींतील पाणी काढून टाकणें हें दोन्हींकडे हितावह. परंतु कन्हार जमिनीत तेवढ्यानें भागेलच असें नाहीं. अशा ठिकाणीं पट्ट्यावर चालणारें हार्वेस्टर अथवा हलकें रीपर पहावें. तसेंच लहान बांध्यांत मोठ्या यंत्राचा वेळ कापण्यापेक्षां वळण्यांतच अधिक जातो.

दुसरी गोष्ट लाखोळीची. आपल्याकडे उभ्या धानांत लाखोळी फेंकण्याची जुनी वहिवाट आहे. कापणीच्या वेळीं ती उगवून आलेली असते. जड यंत्र तिजवरून गेलें कीं चाकांखालील रोप संपलें. ज्यांच्या घरची डाळ या उतेऱ्यावर अवलंबून आहे, त्यांनीं हार्वेस्टरच्या भाड्यांत हा तोटाही मिळवावा.

तिसरी गोष्ट तणशीची. हार्वेस्टर बहुधा उंचावर कापतें व उरलेली तणस विसकटून टाकतें. रीपर जमिनीलगत कापतें, त्यामुळें गुरांची वैरण पुरी हातीं येते. दावणीस चार जनावरें असणाऱ्यास ही लहान गोष्ट नव्हे.

चौथी गोष्ट ओलाव्याची. हार्वेस्टरमधून निघालेलें धान ओलें असतें. आधारभूत किमतीच्या सरकारी खरेदींत शेंकडा १७ हून अधिक ओलावा चालत नाहीं. खळें व ताडपत्री तयार नसतां एकदम सर्व धान घरीं आणल्यास तें तापतें व रंग बिघडतो. यंत्रानें चार दिवस वांचविले तरी वाळवणीचे दोन-तीन दिवस मनांत धरावेच लागतात.

उन्हाळी धान करणाऱ्यांस एक सूचना. इटियाडोहाच्या कालव्याचें पाणी ज्या वर्षीं उन्हाळी पिकास सुटतें, त्या वर्षीं यंत्रास दोन हंगाम मिळतात आणि बारा एकरांचे चोवीस होतात. परंतु पाणी दर वर्षीं आपल्या वांट्यास येईलच असें धरून कर्ज काढूं नये. खरीपाच्या एकरांवर हिशेब बसला, तरच यंत्र घ्यावें; उन्हाळी काम हा वरकड लाभ समजावा.

भाड्याचा करार

भाड्यानें यंत्र आणणारांनीं पांच गोष्टी आधीं बोलून घ्याव्या. दर ताशीं कीं एकरीं, हें प्रथम ठरवावें. बांध्या लहान असतील तर एकरीं दर सोयीचा, कारण वळणांचा वेळ आपल्या माथीं बसत नाहीं. मात्र एकरीं दरांत चालक घाई करतो व दाणा सांडतो. म्हणून पहिल्या फेरीनंतर यंत्र थांबवून मागची जमीन स्वतः पहावी.

क्षेत्राचा वाद टाळावा. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असतें, व्यवहार मात्र एकरांत होतो. एक एकर म्हणजे ४०·४७ आर. म्हणजे १ हेक्टर २१ आर क्षेत्र सुमारें तीन एकर भरतें. एकूण क्षेत्रांत पोटखराबा व धुऱ्यांखालची जागाही मोडते. ती कापली जात नाहीं, सबब तिचें भाडेंही नाहीं. उताऱ्याची नक्कल जवळ ठेवून आकडा आधींच कबूल करून घ्यावा. इंधन कोणाचें, यंत्र वाटेंत बिघडल्यास पुढें काय, आणि आपली पाळी कोणत्या तारखेची, हें कागदावर उतरवावें. तोंडी पाळी ही बहुधा मोठ्या शेतवाल्याकडे वळते.

सामाईक खरेदीचा मार्ग

तीन एकरांचा खातेदार यंत्र घेऊं शकत नाहीं. पण असे आठ खातेदार मिळून चोवीस एकर होतात आणि बरोबरीचे वीस एकर ओलांडतात. यांत अडचण एकच, ती पाळीची. रीपर ताशीं अडीच किलोमीटर चालीनें चाललें, तर तासास ३,००० चौरस मीटर व्हावे; परंतु वळणें व अडथळे यांत सुमारें तिसरा हिस्सा वेळ जातो. राहिले २,००० चौरस मीटर, म्हणजे अर्धा एकर. दंव उतरल्यापासून सायंकाळपर्यंत सहा तास काम धरल्यास दिवसास तीन एकर. आठव्या भागीदाराची पाळी आठव्या दिवशीं येते. त्या आठ दिवसांत पाऊस झाला तर भागीदारी मोडते, आणि शेजारपणही मोडतें.

यावर उपाय रोवणीच्या आधीं करावयाचा असतो, कापणीच्या वेळीं नव्हे. भागीदारांनीं एकत्र बसून कोणी हलकें, कोणी मध्यम व कोणी भारी धान लावावें. हलकें धान आधीं पिकतें, भारी सर्वांच्या मागून. त्यामुळें पाळ्या आपोआप लागतात. एकाच वाणाचे जे दोघे-तिघे राहतील, त्यांच्या चिठ्ठ्या टाकाव्या व पुढील वर्षीं क्रम उलटा करावा. यंत्र कोणाच्या छपरींत राहील, दुरुस्तीचा पैसा कोणत्या प्रमाणांत निघेल आणि चालक कोण, हें वहींत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या.

मोठें यंत्र सर्वांनीं घरीं न बाळगतां एकरीं आकार देऊन वापरावें, ही कल्पना नवीन नाहीं. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत वाफेचीं मळणी-यंत्रें एका शेतावरून दुसऱ्या शेतावर भाड्यानें फिरत असत. आपल्या देशांतही १९४७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेनें कांस माजलेल्या जमिनी युद्धांतून उरलेल्या ट्रॅक्टरांनीं मोडून काढल्या. शेतकऱ्यानें ट्रॅक्टर घेतला नाहीं, काम घेतलें.

सारांश

धुऱ्याचें गवत बारमाही वाढतें. म्हणून ब्रश कटर वर्षभर कामीं येतो आणि त्याची किंमतही बेताची, तो घरचा असावा. रीपर हें गटानें घेण्याचें यंत्र. एकट्यानें घ्यावयाचें असल्यास बरोबरीचे एकर स्वतःच्या खात्यांत असले पाहिजेत. हार्वेस्टर हें बहुतेकांनीं भाड्यानेंच आणावें, तेंही जमीन, लाखोळी व तणस यांचा विचार करून.

आखाडी आटोपली कीं प्रत्येकानें एक कागद घ्यावा, आपले एकर, गांवचा भाडेदर व यंत्राची किंमत त्यावर मांडावी, आणि वर दिलेला भागाकार करून पहावा. दुकानदाराच्या ओट्यावर बसून हा हिशेब होत नाहीं. तो घरीं, कुटुंबासमक्ष, कापणीच्या तीन महिने आधीं करावयाचा असतो. त्या कागदावर जें उत्तर येईल, तें शेजाऱ्याच्या दारांत उभ्या असलेल्या नव्या यंत्रापेक्षां अधिक भरंवशाचें आहे, असें आमचें नम्र मत आहे.