नवा नळ, तीच बारीक धार

प्रश्न : आमची इमारत चाळीस वर्षांपूर्वीची, चार मजली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघरातल्या नळाची धार वर्षागणिक बारीक होत गेली. चांगला महागाचा नळ आणून बसवला, तरी तेच. सकाळची पहिली बादली तांबूस येते. आता बाथरूममागच्या भिंतीला ओलही आली आहे. प्लंबर म्हणतो, सगळी लाइन बदला. मुलगा म्हणतो, प्रेशर पंप बसवू. आमच्या ह्यांचे म्हणणे, गळतो तेवढाच तुकडा बदलावा. खरे कोणाचे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बहुधा प्लंबरचे. सगळी लाइन बदलण्यात त्याचा धंदा आहे हे खरे, पण तेवढ्याने त्याचे निदान खोटे ठरत नाही.

त्या काळात घरोघरी जीआय पाइप घालत. म्हणजे लोखंडी नळी आणि तिला आतून-बाहेरून जस्ताचा मुलामा. पाण्याच्या संगतीत आधी जस्त झिजते आणि ते शिल्लक असेपर्यंत लोखंडाला धक्का लागत नाही. जस्त संपले की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, त्यामुळे नळीच्या आत गाठी वाढत जातात. रात्रभर पाणी एका जागी उभे राहिले की त्यात गंज उतरतो, आणि तीच तुमची सकाळची तांबूस बादली.

आता धार. पाइप आतून निम्मा बुजला तर पाणीही निम्मे होईल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात व्यास निम्मा झाला की छेद चौथाईच उरतो, शिवाय उरलेल्या पाण्याला अरुंद भिंतींचे घर्षण जास्त लागते. हिशेब केला तर पाणी जेमतेम सहावा हिस्सा येते. गाठींचा खडबडीतपणा त्यातून आणखी वजा करायचा. एवढ्यावर नळ सोन्याचा बसवला तरी तो काय करणार?

मुलाची सूचना ऐकायला सोपी वाटते. परंतु तुमच्याकडे दाब कमी झालेलाच नाही. गच्चीवरची टाकी होती तिथेच आहे आणि दर 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलो हा दाबही तसाच आहे. नळ बंद असताना तो पुरेपूर असतो. पाणी वाहू लागले की वाटेत खर्ची पडतो. एक नळ बरा चालतो आणि दुसरा उघडताच दोन्ही मरतात, असे होत असेल तर दुखणे पाइपाचेच समजा. पंप लावला की तो वाढीव दाब गंजलेल्या सांध्यांवर येईल आणि एका ओलीच्या तीन ओली होतील. ॲसिड घालून पाइप साफ करून देणारेही भेटतात. त्यांना चहा पाजून परत पाठवा. पुष्कळदा भोक त्या गंजानेच बुजवलेले असते.

तुकडा बदलण्याचे का जमत नाही, हे सांध्यात कळते. जीआय पाइपाला आटे पाडताना वरचा जस्ताचा थर कापला जातो आणि नळीची जाडीही तिथे घटते. म्हणून गळती बहुधा आट्यांपाशी सुरू होते. घरातले सगळे सांधे एकाच वयाचे, आज ओल दाखवणारा सांधा त्यांतला पहिला इतकेच. तो सोडवताना पान्ह्याचा पीळ पुढच्या एल्बोलाही बसतो, आणि काही महिन्यांनी प्लंबर पुन्हा दारात.

तरीही भिंत फोडण्याआधी दोन गोष्टी पाहा. टाकीतून खाली येणाऱ्या तुमच्याच डाउनटेक लाइनवरच्या वरच्या-खालच्या घरांत धार कशी आहे, आणि टाकीतले पाणी स्वच्छ आहे का. तिथे सगळे ठीक असेल तर दोष तुमच्या घरातला. टाकीतलेच पाणी तांबूस असेल, तर घरातली लाइन बदलून रंग बदलणार नाही.

सगळ्या भिंती फोडाव्या लागतात हा मात्र गैरसमज आहे. जुना पाइप बूच मारून भिंतीत तसाच ठेवता येतो. नवी लाइन छताजवळून उघडी नेली तर दिसायला थोडी कमी, पण उद्या गळली तर लगेच सापडते. मी असतो तर बाथरूम सोडून सगळीकडे तशीच नेली असती. कॉलम आणि बीमला मात्र कोणालाही भोक पाडू देऊ नका.

नवा पाइप प्लास्टिकचा घ्यायचा, तर गरम-गार दोन्हींसाठी सीपीव्हीसी चालतो. साधा यूपीव्हीसी फक्त गार पाण्याला. सीपीव्हीसी तापला की लांबतो. तीन मीटरची नळी 40 अंशांनी तापली तर सात-आठ मिलिमीटर, म्हणून क्लॅम्प आवळून मारायचे नसतात. गिझरला तो थेट न जोडता मध्ये धातूचा जोड घ्यावा. उन्हात येणाऱ्या भागाला पाण्यात मिसळणारा रंग द्या, ऑइलपेंट नको.

आता एक गोष्ट, जी प्लंबर सहसा सांगत नाही, कारण ती त्याच्या कामात मोडत नाही. जुन्या घरांत वायरमन अर्थिंगची तार सरळ पाण्याच्या पाइपाला गुंडाळून मोकळे होत. पद्धत तेव्हाही धोक्याचीच होती, पण लोखंड सलग असल्यामुळे कसेबसे निभावत होते. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. पाइप बदलला त्या दिवशी घराचे अर्थिंग गुपचूप नाहीसे होते, आणि हे कळते ते गिझरमध्ये बिघाड होऊन नळाला हात लागल्यावर. त्यामुळे काम सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, स्वतंत्र नसेल तर करून घ्या आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी नसेल तर तोही बसवा. टाइल्सच्या रंगावर जेवढी चर्चा होईल त्याच्या निम्मी तरी यावर होऊ द्या.

सांध्याचे सोल्यूशन नीट सुकू द्यावे. मग हातपंपाने लाइनवर दाब देऊन काही तास काटा स्थिर राहतो का ते पाहायचे, आणि मगच प्लास्टर. कारागीर घाईत असतो. तुम्ही नसावे. पहिले पाणी नळाच्या तोंडाची जाळी काढून वाहू द्या, नाहीतर सगळा कचरा तिथेच अडकेल.

राहिला खर्च. घरातली लाइन तुमची, पण इमारतीची सामाईक पाइपलाइन आणि तिच्यामुळे होणारी गळती यांची दुरुस्ती गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. डाउनटेकही चाळीस वर्षांचाच असेल, तेव्हा सचिवांना आताच लेखी कळवून पोच घेऊन ठेवा. तो बदलेपर्यंत घरात पाणी शिरते तिथे, व्हॉल्व्हपाशी, एक गाळणी बसवून घ्या आणि ती अधूनमधून उघडून धुवा.