जुन्या ड्रिलला नवी बॅटरी

घरात सुतारकाम चालू असताना बॅटरीवर चालणारे ड्रिल तुम्ही पाहिले असेल. ज्या भोकासाठी पूर्वी गिरमीट फिरवून घाम गाळावा लागे, ते भोक हे यंत्र काही क्षणांत पाडते, आणि त्याला विजेची वायरही लागत नाही. असे ड्रिल अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली बाजारात आणले. त्यात निकेल-कॅडमियमचे घट होते. पुढे १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन घट विक्रीस आणले आणि २००५ च्या सुमारास ते ड्रिलमध्येही आले.

आता समजा, एखादे जुने ड्रिल कपाटात पडून आहे. मोटार ठणठणीत, पण बॅटरी निकामी. जुने घट काढून तेथे लिथियमचे घट बसवले तर चालेल का? विद्युतदाब जुळला की काम झाले, असे आपल्याला वाटते. पण खरी मेख वेगळीच आहे. ती कोठे आहे ते पाहू.

आधी थोडे गणित

निकेल-कॅडमियमच्या एका घटाचा विद्युतदाब १.२ व्होल्ट असतो. लिथियम-आयन घटाचा साधारण ३.६ व्होल्ट, म्हणजे बरोबर तिप्पट. १८ व्होल्टच्या जुन्या बॅटरीत १५ घट एकसरीत जोडलेले असतात (१५ × १.२ = १८). लिथियमचे मात्र ५ घट पुरतात (५ × ३.६ = १८). पूर्ण भरल्यावरही जोडी जमते. जुना घट सुमारे १.४ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणून एकूण २१ व्होल्ट. लिथियमचा घट ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणून पुन्हा २१ व्होल्ट! काही नव्या बॅटऱ्यांवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ असे लिहिलेले असते. तिच्यातही एकसरीत ५ घटच असतात. फक्त आकडा भरलेल्या स्थितीचा असतो.

१२ व्होल्टच्या ड्रिलमध्ये मात्र अडचण येते. तेथे १० घट असतात आणि १० ला ३ ने भाग जात नाही. लिथियमचे ३ घट घेतले तर १०.८ व्होल्ट मिळतात आणि ड्रिल थोडे मंद चालते. ४ घेतले तर भरलेल्या बॅटरीचा दाब १६.८ व्होल्ट होतो आणि मोटार व स्विच तापू लागतात.

भरल्यानंतर काय होते?

खरी मेख येथे आहे. निकेल-कॅडमियमचा घट पूर्ण भरल्यावरही चार्जर चालू राहिला, तर धन अग्रावर ऑक्सिजन तयार होतो. तो ऋण अग्राकडे जातो आणि तेथील कॅडमियमशी संयोग पावतो. घट गरम होतो, पण थोडा जास्तीचा प्रवाह पचवतो. जलद चार्जर हीच खूण ओळखतो. घट तापला किंवा त्याचा दाब किंचित उतरला, की तो थांबतो.

लिथियमच्या घटात ही सोय नाही. तो भरला की दाब उतरत नाही, चढतच जातो. जुना चार्जर ज्या खुणेची वाट पाहत असतो ती खूण येतच नाही! ४.२ व्होल्टच्या पुढे ऋण अग्रावर लिथियम धातूचा थर बसू लागतो आणि धन अग्र अस्थिर होते. आतला द्रव ज्वलनशील असतो. घट फुगतो आणि पेटही घेतो. म्हणूनच लिथियमचा चार्जर प्रत्येक घटामागे ४.२ व्होल्टवर दाब रोखून धरतो आणि प्रवाह हळूहळू कमी करत नेतो. जुन्या चार्जरवर लिथियमचा घट कधीही लावू नये, हा या विषयातील पहिला नियम आहे.

रिकामे होताना आणि अडकताना

जुनी बॅटरी उतरू लागली की ड्रिल मंदावते आणि आपण थांबतो. लिथियमचा दाब मात्र शेवटपर्यंत जवळजवळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. घट २.५ व्होल्टच्या बराच खाली गेला तर आतल्या तांब्याच्या पत्र्यातील तांबे विरघळू लागते. असा घट पुन्हा चार्ज केल्यास आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून दाब ठरावीक पातळीवर येताच प्रवाह तोडणारे रक्षक मंडल लागते. जुन्या ड्रिलमध्ये ते नसते.

शिवाय पाते लाकडात अडकले की मोटार थांबते. फिरताना तिच्यात निर्माण होणारा विरोधी दाब नाहीसा होतो आणि प्रवाह कित्येक अँपिअरने उसळतो. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतील घट एवढा प्रवाह देण्यासाठी बनवलेले नसतात. ड्रिलसाठी मुद्दाम बनवलेले घटच हवेत.

मग मार्ग कोणता?

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे घट उघडे न करता कंपनीची तयार लिथियम बॅटरी वापरणे. काही कंपन्यांच्या नव्या बॅटऱ्या जुन्या ड्रिलमध्ये सरळ बसतात. काहींसाठी मधला जोडतुकडा, म्हणजे अडॅप्टर, मिळतो. बॅटरी काढून तिच्या स्वतःच्या चार्जरवरच चार्ज करायची. मात्र एक गोष्ट तपासावी. काही बॅटऱ्यांचे रक्षक मंडल बॅटरीत असते, तर काहींमध्ये ते काम नवे ड्रिल करते. दुसऱ्या प्रकारची बॅटरी जुन्या ड्रिलला जोडली तर तिला रक्षण उरत नाही. अशा वेळी अडॅप्टरमध्येच प्रवाह तोडण्याची सोय असली पाहिजे.

घट स्वतः जोडण्याचा प्रयोग घरी करू नका. जुनी बॅटरी कचऱ्यातही टाकू नका, कारण कॅडमियम विषारी आहे. २०२२ च्या नियमांनुसार आपल्या देशात वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

तुम्हीच सोडवा

९.६ व्होल्टच्या जुन्या ड्रिलमध्ये निकेल-कॅडमियमचे किती घट असतील? त्याऐवजी लिथियमचे २ किंवा ३ घट घेतले, तर साधारण दाब आणि भरल्यावरचा दाब किती होईल? जुन्या बॅटरीशी कोणती जोडी अधिक जुळते? गणित मांडून पाहा. नंतर घरातील एखाद्या चार्जरवरची अक्षरे वाचा आणि तो कोणत्या प्रकारच्या बॅटरीसाठी आहे ते शोधून काढा.